गुणाजी धुरींची सोडवण

कुठल्याही जागेत पाय टाकण्याआधी गुणाजी धुरी उंबऱ्याशी थांबायचे. उंबरा नसला तर जिथं तो असायला हवा होता तिथं थांबायचे. चपला काढल्यासारख्या करायच्या, खाली वाकून बोटं जमिनीला लावायची आणि ओठांतल्या ओठांत म्हणायचं, "येतंय हां." मग आत. गॅरेज असो, सुपरमार्केट असो, नाहीतर सीपीआर म्हणजे तिथल्या ओळखपत्राच्या ऑफिसातली रांग असो. मागची माणसं खोळंबायची. धुरीकाकांना त्याचं काही वाटायचं नाही.

"कुणाला सांगताय, काका?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं.

"जेची जागा तेका."

मी कराडकडचा. आमच्याकडचे देव देवळात असतात. धुरीकाकांचे देव जमिनीत असायचे. त्यांच्या कुडाळ तालुक्यातल्या गावी म्हणे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. विहिरीला, बागेला, वाटेच्या वळणालासुद्धा. तो दिसत नाही, पण त्याला विचारल्याशिवाय काही करायचं नसतं. विचारायची रीत म्हणजे गाऱ्हाणं. एकानं मोठ्यानं मागणं मांडायचं आणि सोबतच्यांनी प्रत्येक वाक्यानंतर "होय म्हाराजा" म्हणायचं.

"मागणारो कोणय आसांदे," ते सांगायचे. "होय म्हणणारो होयो. तो नसलो तर गाऱ्हाणा लागणा नाय."

हे सुरुवातीलाच सांगतो, कारण मला जे बोलायचं आहे ते या 'होय'बद्दलच आहे. धुरीकाकांना बहारीनमधून मोकळं होऊन आपल्या घरी जायचं होतं. त्यासाठी माझ्याकडून त्यांना एवढाच एक शब्द हवा होता.

तुबलीतल्या एका गॅरेजचं ऑफिस मी सांभाळायचो आणि धुरीकाका तिथली व्हॅन चालवायचे. ते नईमला राहायचे, गॅरेजातल्याच, रत्नागिरीकडच्या दाऊदभाई पेंटरबरोबर एका खोलीत. सकाळी तिथून निघून ते उम्म अल हस्समला मला घ्यायला यायचे आणि नेहमी वेळेच्या बरंच आधी यायचे. हॉर्न कधी वाजवायचे नाहीत. आमच्या बिल्डिंगसमोरच्या पार्कात बसून राहायचे. मी खाली आलो की उठायचे, पार्काकडे वळून "येतंय" म्हणायचे (जातो हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही) आणि मग मला, "यल्ला, बसा."

उन्हाळ्यातसुद्धा शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. केसांना खोबरेल. बोलणं मालवणी, त्यात यल्ला, खलास, मफी असे अरबी शब्द मिसळलेले. गाडी इतकी हळू चालवायचे की दाऊदभाई मागून म्हणायचे, "गुणाजी, मी उतरून चालत जातो, तू ये आरामात." धुरीकाका आरशातून त्यांच्याकडे बघायचे आणि आणखी हळू चालवायचे.

तो पार्क लहान होता. चारी बाजूंना बुटकी भिंत, दोन झोके, एक घसरगुंडी, मधोमध एक बंद पडलेलं कारंजं आणि कोपऱ्यात एक जुनं बोरीचं झाड. आजूबाजूला इतक्या बिल्डिंगी, त्यात इतकी मुलं, पण पार्कात कुणी यायचं नाही. नवीन राहायला आलेलं कुटुंब एकदोनदा जायचं आणि मग मुलांना घेऊन लांबच्या मॉलमध्ये जायला लागायचं. का, ते विचारलं तर कुणाला सांगता यायचं नाही. माझी बायको शैला एकदाच म्हणाली, "तिथं बसलं की वाटतं आपण कुणाच्या तरी घरात बसलोय आणि ते लोक आतल्या खोलीत आहेत." फाटकातून आत गेलं की हायवेचा आवाज बंद व्हायचा. कमी नाही व्हायचा, बंद व्हायचा.

धुरीकाका तिथं जाताना दोन कप करक, तिथला कडक दुधाचा चहा न्यायचे. एक स्वतःसाठी. दुसरा बोरीजवळच्या भिंतीवर ठेवायचे आणि तिकडे पाठ करून बसायचे. पार्कात मांजरं पुष्कळ होती, पण त्या कपाला एकही तोंड लावायचं नाही.

दाऊदभाईंना हे सगळं माहीत होतं. एकदा व्हॅनमध्ये ते म्हणाले, "काय गुणाजी, तुझा हा राखणदार कुणाच्या व्हिजावर आहे? कंपनीच्या का फ्री व्हिजावर?"

"तो हंयचोच. तुका-माका व्हिजा तेनाच दिल्यान."

"मग माझं रिन्युअल अडकलंय ते सांग की त्याला."

"सांगतंय. तू होय म्हणतलंस?"

दाऊदभाईंचं हसू एकदम गेलं. "तौबा. मी नाही बाबा." थोड्या वेळानं ते माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "चेष्टा वेगळी. बोरीवर कुणीतरी असतं असं आमच्याकडंही म्हणतात. असरची नमाज झाल्यावर मी त्या झाडाखाली बसत नाही."

मी हसलो होतो. तेव्हा मला हसायला काहीच लागायचं नाही.

जुलैतल्या एका दुपारी मी फायली घ्यायला घरी आलो होतो. उन्हानं रस्ते पांढरे पडले होते. धुरीकाका पार्कात सावलीला बसले होते, म्हणून त्यांना बोलवायला मी आत गेलो. सिमेंटच्या वाटेवर ओल्या पायांचे ठसे होते. अनवाणी, लांब बोटांचे, बोरीपासून कारंज्यापर्यंत गेलेले. कारंज्यात धूळ आणि चिप्सची पाकिटं होती. मी बघत होतो तोवर पहिले ठसे वाळून गेले, मग पुढचे, जणू कुणी मागून पुसत चाललं होतं.

"आंगोळ करून गेलो," धुरीकाका म्हणाले.

"काका, पाइप फुटला असेल."

"आसात," ते म्हणाले आणि चहाचा कप उचलला.

पार्क झाडणाऱ्या माणसाला मी नंतर विचारलं. पाण्याची लाइन कधीच तोडून टाकलीय, तो म्हणाला. आमच्या शेजारच्या घरातले म्हातारे बहारीनी गृहस्थ म्हणाले की त्यांच्या लहानपणी इथं खजुरीची बाग होती आणि बागेत एक झरा होता. शहर वाढलं, बाग गेली, झरा आटला. हे धुरीकाकांना सांगितलं तेव्हा त्यांना मुळीच नवल वाटलं नाही.

"पाणी गेला," ते म्हणाले. "राखणारो खंय जातलो?"

पार्काबद्दल त्यांची एकच सक्त ताकीद होती. "जगतापभाऊ, हंय कोणाक नाव घेवन हाक मारू नकात. टाळी वाजवा, शीळ घाला. नाव मातर नको. ऐकणारे आपूणच नसतंव."

आमची सई तेव्हा पहिलीत होती. बहारीनमध्ये वाढलेली, मराठी सगळं कळणारी आणि उत्तर इंग्रजीत देणारी. थंडीच्या दिवसांतली संध्याकाळ होती. शैला वर स्वयंपाक करत होती, मी सईला घेऊन खाली आलो होतो. पार्क रिकामा होता. ती झोक्यावर होती आणि मी फोनवर बोलत भिंतीबाहेर उभा होतो. अंधारून आलं तसा मी फाटकातून आत वळलो आणि नेहमीसारखी हाक मारली, "सई!"

ती झोक्यावर नव्हती. बोरीकडून चालत आली. हळू, पाय ओढत.

"बाबा, व्हाय डिड यू कॉल मी ट्वाइस?"

"मी एकदाच बोलावलं."

"नो. आधी तू तिकडून बोलावलंस." तिनं बोरीकडे हात केला. "मी गेले तर तू नव्हतास. मग तू इकडून बोलावलंस."

मी तिला उचलून घेतलं. त्याच दिवशी तिला ताप भरला.

तापाचं वर्णन करत नाही. ज्यांनी पोटच्या पोराला असं पाहिलंय त्यांना सांगायची गरज नाही. गोळ्यांनी उतरेना, म्हणून हॉस्पिटलमध्ये ठेवलं. तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. सई आम्हाला ओळखेना. आणि एरवी मराठी शब्द तोंडातून काढायला कंटाळणारी माझी मुलगी भिंतीकडे बघून, अगदी आज्ञाधारकपणे, "आले, आले," म्हणत राहायची. मी हाक मारल्याचं शैलाला सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

धुरीकाका ड्युटी संपल्यावर आले. वॉर्डाच्या दाराशी थांबले, वाकले, "येतंय हां" म्हणाले आणि आत न येता तिथूनच सईकडे पाहिलं. "आले, आले," सई म्हणाली.

"कोण बोलावता हेका?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांना बाहेर नेऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "चला," एवढंच म्हणाले.

पार्कात पोचलो तेव्हा दिवे लागत होते. धुरीकाकांनी चपला फाटकाबाहेर काढल्या आणि मलाही काढायला लावल्या. बोरीखाली एक नारळ ठेवला, थोडा भात ठेवला. "मी बोलतंय. तुमी होय म्हणा. मधी अडकू नकात," असं मला बजावलं आणि दोन्ही हात समोर धरून मोठ्यानं सुरू केलं. एवढ्या मोठ्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"बा जागेवाल्या म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या दारात उबी आसत."

"होय महाराजा."

"ह्या चेडू तुझ्या शिवेत खेळता. तेच्याकडसून काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल."

"होय महाराजा."

"तेका मोकळा कर. तेच्या जाग्यार हो गुणाजी तुका दिलो. तुझी चाकरी करीत."

"होय महाराजा," मी म्हणालो.

सईच्या जागी स्वतःला देणारं ते वाक्य मी ऐकलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. ऐकलं होतं. त्या वेळी समोरच्यानं काहीही मांडलं असतं तरी मी होय म्हटलं असतं. बोरीची पानं हलली नाहीत, काही झालं नाही. धुरीकाका नुसते एकदम खाली बसले, कुणी खांद्यावर हात ठेवून बसवावं तसे.

शैलाचा फोन आला तेव्हा आम्ही अजून पार्कातच होतो. सईनं पाणी मागितलं होतं. इंग्रजीत.

डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. मी ते मान्य करतो. मी शिकलेला माणूस आहे, मला ते मान्य करायला काही अडचण नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून खाली पाहिलं. धुरीकाका व्हॅन लावून पार्कात शिरत होते. फाटकाशी ते थांबले नाहीत. वाकले नाहीत, "येतंय हां" म्हणाले नाहीत. आपल्याच घरात शिरावं तसे सरळ आत गेले आणि बोरीखाली बसले.

त्यानंतर त्यांनी दुसरा चहा नेणं बंद केलं.

पार्कही बदलला. मुलं यायला लागली. आया बाकांवर बसून गप्पा मारायला लागल्या. धुरीकाका शुक्रवारचा सबंध दिवस तिथंच काढायचे. पडलेल्याला उचलायचे, झोक्यावरून भांडण झालं तर सोडवायचे. लोकांना वाटायचं, हा म्युनिसिपालिटीनं नेमलेला माणूस. सईही पुन्हा खेळायला लागली आणि तिला काही झालं नाही. मी त्यांना घरी जेवायला बोलवायचो. "नको," ते म्हणायचे, "हंय बरा आसा." शैला डबा खाली पाठवायची.

ते सुट्टीवर जायचे, पण ठरल्यापेक्षा आधीच परत यायचे. दाऊदभाई चिडायचे. "अरे, बायको आहे, चिऱ्यांचं घर बांधलंस, आंबे लागलेत. इथं काय ठेवलंयस?"

"थंय झोप लागणा नाय रे."

"इथं लागते?"

दाऊदभाईंनीच मला सांगितलं की खोलीतही ते झोपायचे नाहीत. पलंगावर बसून असायचे, कुणी हाक मारली तर उठता यावं तसे.

मी हे सगळं बघत होतो, आणि माझी मुलगी मोठी होत होती. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायचं मी टाळलं. माणूस टाळू शकतो, वर्षानुवर्षं टाळू शकतो.

मग गॅरेजच्या मालकानं धंदा आवरला. मला दुसरीकडे नोकरी मिळाली, दाऊदभाईंना मिळाली. धुरीकाकांची साठी उलटलेली, त्यांचा व्हिजा पुढं होईना. पण खरं सांगायचं तर त्यांना आनंद झाला होता. इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर तसा आनंद मी पहिल्यांदाच पाहिला. काकूंसाठी साड्या घेतल्या, घरासाठी मिक्सर घेतला. जायच्या आधी एका संध्याकाळी त्यांनी मला खाली बोलावलं.

"जगतापभाऊ, एक काम आसा. जावन येतंय म्हणान गेलंय तर माका परत येवचा लागतला. आता सोडवण मागूक होयी. मी मागतंय. तुमी होय म्हणा. त्या वेळाक तुमीच होतात, म्हणान तुमीच होये."

"हो, काका. त्यात काय," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

तसाच नारळ, तसाच भात. मुलं घरी गेली होती. धुरीकाकांचा आवाज आता पहिल्यासारखा लागत नव्हता.

"बा म्हाराजा! इतकी वर्सां गुणाजीन तुझी चाकरी केल्यान."

"होय महाराजा."

"आता तेचा दाणापाणी हंयसून उठला."

"होय महाराजा."

"तेका सोडून दी. आणि तेच्या जाग्यार कोणाक मागू नको."

मी वर पाहिलं. आमच्या गॅलरीत सई उभी होती. अभ्यास सोडून वाळलेले कपडे काढत होती, कानात हेडफोन, मान डोलवत. तिला आम्ही दिसत नव्हतो.

मला बोलता आलं नाही.

नाही, हे खोटं आहे. बोलता आलं असतं. घसा ठीक होता, जीभ ठीक होती. मी मनात म्हणालो, हे सगळं भाकड आहे. आणि लगेच म्हणालो, भाकड असेल तर होय म्हटल्यानं काय होणार आहे? आणि तरीही म्हटलं नाही. कारण नसेल तर? धुरीकाका सुटले आणि त्यानं पुन्हा सईलाच बोलावलं तर?

धुरीकाकांनी थोडं थांबून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मी खाली बघत राहिलो. त्यांनी तिसऱ्यांदा म्हटलं नाही. हात खाली घेतले, धोतर असावं तसे पँटचे गुडघे झाडले, आणि वर गॅलरीकडे पाहिलं.

"तुमी बापूस," ते म्हणाले. "माका कळता."

त्यांनी मला एका शब्दानं दुखावलं नाही. विमानतळावर दाऊदभाईंना मिठी मारली, माझ्याशी हात मिळवला. हात थंड होता आणि ओलसर होता.

त्यानंतर वर्षभरानं मी सुट्टीवर आलो तेव्हा कराडहून मुद्दाम गाडी करून त्यांच्या गावी गेलो. दाऊदभाईंनी सांगितलं होतं, गुणाजीचं काहीतरी बिनसलंय, जाऊन ये. घर सुंदर होतं. लाल चिरे, कौलं, मागं पोफळी. पुढं दगडांचा गडगा घातलेला आणि त्या गडग्यावर, फाटकाबाहेर, धुरीकाका बसले होते. गळ्यापर्यंत बटण लावलेलं.

"येवा, येवा," ते म्हणाले. मला आत जा म्हणाले. स्वतः उठले नाहीत.

धुरीकाकूंनी मला ओटीवर बसवून पाणी दिलं आणि दाराआडून रडत सांगितलं, "वर्स झाला, ह्येंनी उंबरो ओलांडूक नाय. जेवाण भायर, झोप भायर. पावसात मांगराच्या गोठ्यात ऱ्हवले गुरांवांगडा. म्हणतत, ड्युटी संपूक नाय. कुडाळच्या डॉक्टरान सांगल्यान, वयाचा आसा."

मी बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी गडग्यावर बसलो. त्यांनी सगळ्यांची चौकशी केली. दाऊदभाईंची, शैलाची.

"चेडू बरा आसा मा?"

"बरी आहे, काका. बारावीला आहे."

"झोक्याची साखळी दुरुस्त केल्यानी?" आणि मग माझ्या जवळ सरकून, कुणी ऐकू नये अशा आवाजात, "थंय आता कोण बसता?"

मी त्यांचे हात धरले. "काका, मी आत्ता म्हणतो. होय महाराजा. ऐकलंत? होय महाराजा." मला वाटतं मी ओरडलोच. काकू दारात आल्या.

धुरीकाकांनी माझी पाठ थोपटली. "हंय नाय, भाऊ. थंय."

मी परत आलो. ऑफिसातून येताना रोज पार्कावरून जायचो. बारावीची परीक्षा होऊ दे, म्हटलं. मग म्हटलं, निकाल लागू दे. मग पुण्याला कॉलेजात ॲडमिशन मिळाली, तेव्हा म्हटलं, ती इथून निघून सुखरूप पोचू दे. बापाला थांबायला कारणं लागत नाहीत, ती चालत येतात. आणि तिकडे कोकणात पाऊस सुरू झाला होता. एक म्हातारा माणूस आपल्या घराच्या पागोळ्यांच्या बाहेर बसला होता, हे मला रोज जेवताना आठवायचं आणि मी जेवायचो.

सई जायच्या आदल्या दिवशी बॅगा भरून झाल्यावर तिनं विचारलं, "बाबा, तो पार्कवाला अंकल आठवतो? मला पडल्यावर उचलायचा. त्याला बाय करायला हवं होतं."

मी तिला सांगितलं. हाकेपासून सगळं. शैला बाजारात गेली होती. सई पलंगावर मांडी घालून ऐकत राहिली. मला वाटलं ती हसेल, किंवा घाबरेल.

"म्हणजे ते अजून बाहेर बसलेत? रेनमध्ये?"

"हो."

"आणि एक वर्ड बोलायचा होता?"

"हो."

"बाबा." ती असं बघत होती की मला तिच्या डोळ्यांकडे बघवेना. "सीरियसली, बाबा?" ती उठली आणि चपला घालून खाली निघालीच. मी लिफ्टची वाट न बघता जिन्यानं तिच्यामागं धावलो. संध्याकाळ होत होती. ती बोरीखाली जाऊन उभी राहिली. झोक्यावरची मुलं बघायला लागली.

"काय म्हणायचं? तू बोल, मी यस म्हणते."

"सई, नको."

"बाबा, माझ्यासाठी केलं ना त्यांनी? मग मीच म्हणणार. बोल."

गाऱ्हाणं मांडणारा आता मीच उरलो होतो. नारळ नव्हता, भात नव्हता. मला मालवणी येत नाही. मी हात जोडले आणि मला येतं त्या मराठीत म्हणालो, "महाराजा, गुणाजी धुरींना सोडून दे. आणि त्यांच्या जागी कुणालाही मागू नकोस."

"होय महाराजा," सई म्हणाली. स्पष्ट, शाळेत हजेरी द्यावी तशी. मी तिचा दंड घट्ट धरून ठेवला होता. तिनं तो सोडवून घेतला. "झालं? चल आता, आई येईल."

ती रात्र मी तिच्या खोलीबाहेर बसून काढली. सकाळी ती उठली, तिनं टोस्ट खाल्ला, चार्जर सापडत नाही म्हणून आईशी भांडली. दुपारी तिचं विमान गेलं. आज ती पुण्यात आहे आणि ठणठणीत आहे.

विमानतळावरून एकटाच परतत होतो तेव्हा काकूंचा व्हिडिओ कॉल आला. मी गाडी कडेला घेतली. काकू हसत होत्या, रडत होत्या.

"भाऊ, काल राती जेवणाच्या वेळाक उठले नि सरळ घरात इले! उंबऱ्यार थांबूकसुदा नाय. पाटार बसले, जेवले, रात्रभर घोरत होते. बगा, बगा." त्यांनी फोन वळवला.

धुरीकाका माजघरात पेज जेवत बसले होते. अंगात बनियन. गळा उघडा असलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. चेहरा भरलेला, झोप झालेला.

"काका," मी म्हणालो.

त्यांनी फोनकडे पाहिलं. मग काकूंकडे. मग पुन्हा फोनकडे. "कोण ओ तुमी?"

"मी जगताप. बहारीनचा. आपण गॅरेजमध्ये होतो."

"बहारीन?" ते काकूंना म्हणाले, "थंय आपलो कोण आसा काय गो?"

काकू हसल्या. "असा काय करतास? जल्म गेलो तुमचो थंय." धुरीकाका त्यांच्याकडे बघत राहिले, तेव्हा काकूंनी पदर तोंडाला लावला.

मला थांबायला हवं होतं. पण इतके दिवस मनात घोळवलेलं बाहेर आलंच. "काका, माझं चुकलं. मी तेव्हाच होय म्हणायला हवं होतं. मला माफ करा." रस्त्याच्या कडेला, गाडीत, मी रडत होतो.

धुरीकाकांनी पेजेची वाटी खाली ठेवली. दारात कुणी अनोळखी माणूस येऊन रडायला लागला तर भला माणूस जसा बघेल तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, ओळख नव्हती, नुसती माया होती, कुणाहीबद्दल वाटेल तेवढी.

"आसांदे, आसांदे," ते म्हणाले. मग काकूंकडे वळले. "कोणतरी लांबसून इलेलो दिसता. तेका जेवूक वाढ गो."